देवळीएवढी जागा

उमा, तुला बसवून नेलं. तुमच्यात, लिंगायतांत, तसंच नेतात हे तू मागे कधीतरी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सांगितलं होतंस, पण डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशीच. झेंडूच्या माळा सोडलेल्या मखरात तू मांडी घालून बसलेली, कपाळभर भस्म, डाव्या तळहातावर लिंग. जंगम पुढे मंत्र म्हणत चालले होते. चौसाळ्याच्या हायवेवर ट्रकवाल्यांनी गाड्या थांबवल्या. मी बायकांबरोबर मागे होते. तुमच्या शेतात खणलेला खड्डा चांगला खोल होता आणि त्याच्या एका बाजूच्या मातीत, तू नीट बसशील एवढी जागा आत कोरून काढली होती. वर कमान धरलेली. मला वाटलं होतं, आता आपल्याला रडू आवरणार नाही. पण त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही. ती कमान डावीकडे जरा उतरली होती. तू असतीस तर खणणाऱ्याच्या हातातली कुदळ मागून घेऊन ती सारखी केली असतीस, आणि तोवर सगळ्या गावाला ताटकळत ठेवलं असतंस.

शाळेत तुझी शोकसभा झाली. हेडमास्तरांनी तुझं जन्मगाव, शिक्षण, नोकरीची वर्षं वाचून दाखवली. सगळं बरोबर होतं. पण मागच्या बाकावर बसून ऐकताना मला वाटत होतं, ही कोण बाई, हिला मी ओळखत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. आपल्या दोघींमध्ये जे झालं आणि जे व्हायचं राहिलं, तेवढंच यात आहे.

तू चित्रकलेची बाई म्हणून आमच्या बीडच्या शाळेत आलीस आणि त्याच आठवड्यात मला विचारलंस, "सुजाता, घरात तुझी जागा कुठली?" मी विज्ञानाचे पेपर तपासत होते. वर न बघता म्हणाले, स्वयंपाकघर. "ती कामाची झाली. तुझी कुठली?" मी म्हणाले, असं काही नसतं, दोन खोल्यांच्या घरात कुणाची कुठली वेगळी जागा असणार. तू मान डोलावलीस आणि वर्गावर निघून गेलीस. मला तू जरा आगाऊच वाटलीस. त्या संध्याकाळी मात्र मी घरातल्या एकेका कोपऱ्याकडे अशी बघत होते की आमच्या ह्यांनी विचारलं, काही हरवलंय का.

ती वर्षं तुला आठवतात का? आपल्याकडे घरं पाडायची लाटच आली होती. कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणाच्या कापसाला बरा भाव आला, की आधी माळवद उतरवायचं आणि स्लॅब टाकायचा. चौकात एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहिले, गच्च्यांवर डिशच्या छत्र्या आल्या. नव्या घरात शिरलं की समोर शोकेस, शोकेसमध्ये रंगीत टीव्ही, टीव्हीवर क्रोशाचा रुमाल. सगळ्यांना आनंद होता आणि तो खोटा नव्हता. माळवदाची माती दर पावसाळ्याआधी कोण चढून सारखी करणार? मलाही स्लॅबचंच घर हवं होतं. तू एकटीच अशी होतीस की वास्तुशांतीचं जेवण झालं की यजमानीण बाईला हळूच बाजूला घेऊन विचारायचीस, जुन्या घरातल्या देवळीचं काय केलं?

देवळी म्हणजे भिंतीतला कोनाडा. जुन्या भिंती हातभर जाड, त्यात देवळी सहज बसायची. नव्या चार इंची विटेच्या भिंतीत ती बसतच नाही, असं गवंडी सांगायचे. देवासाठी बाजारातून संगमरवरी देव्हारा आणला जायचा. तू म्हणायचीस, देवाची सोय झाली, बाईची कुठं झाली? कारण तुझं म्हणणं होतं की देवळीत नुसते देव नसायचे. तिथं माहेरून आलेली कंगव्याची डबी असायची, गेलेल्या लेकराचं वाळं असायचं, कुणाला सांगता न येणाऱ्या नवसाची गाठ मारलेला दोरा असायचा. घरात सगळ्यांची ये-जा, पण त्या वीतभर जागेत दुसरं कुणी हात घालायचं नाही.

याची सुरुवात तुझ्या सासूबाईंपासून झाली. लग्न होऊन तू चौसाळ्याला आलीस तेव्हा रोज पहाटे त्यांना लिंगपूजा करताना बघायचीस. पूजा आटोपली, लिंग पुन्हा गळ्यात बांधलं, की त्या भस्माने माखलेला ओला पंजा चुलीशेजारच्या भिंतीवर ठेवायच्या. रोज त्याच ठिकाणी. वर्षानुवर्षं हात लागून भिंतीवर राखाडी पंजा उमटला होता, बोटं मिसळून गेलेली, तळवा मात्र स्पष्ट. तू धीर करून त्यांना विचारलंस, कावून ठेवता हात? त्या म्हणाल्या, "उठायला टेकू लागतो गं." एवढंच.

हे तू मला सांगितलंस तेव्हा मी हसले. म्हणाले, बघ, गुडघे दुखतात म्हणून म्हातारी भिंतीला धरून उठते, आणि तू त्यात पूजा शोधतेस. तू म्हणालीस, "हो, गुडघेच दुखायचे. म्हणून काय झालं?" तेव्हा मला ते उत्तर उत्तर वाटलं नव्हतं.

सासूबाई गेल्या. दोनेक वर्षांनी तुमचंही घर पाडायला काढलं. तुझे सासरे, अप्पा, हायवेवर कापडाचं दुकान चालवायचे, ते दिवसभर दुकानात. तू सुट्टी टाकून गवंड्यापाशी उभी राहिलीस आणि पंज्याभोवतीची भिंत चौकोनी कापून काढायला लावलीस. मागून गोणपाट आणि गोंद लावला, पुढून कापूस बांधला. तुझे मालक म्हणाले, चिखल कुठं नेतेस? तू म्हणालीस, शाळेत लागतो, चित्रकलेला. मग बीडच्या तुझ्या भाड्याच्या खोलीत पलंगाखाली ती भिंत येऊन पडली, आणि मी पाहुणी म्हणून आले की मला सांगायचीस, पाय जपून.

तुझ्या डोक्यात एक मांडणी घोळत होती. औरंगाबादच्या तुझ्या कॉलेजातल्या सरांनी मांडणशिल्प असा शब्द दिला होता, तो तुला जड वाटायचा. मांडणी म्हटलं की कुठल्याही बाईला कळतं, गौरी मांडतात तसं. तुला बायकांच्या त्या खासगी जागा मांडायच्या होत्या. लाकडी चौकटी करून त्यावर पांढरी माती आणि भुसा लिंपायचा, आणि ज्या बाईची जागा असेल तिच्याकडूनच तिचा कोपरा, तिची देवळी घडवून घ्यायची. तू शनिवारी दुपारी शाळा सुटली की एसटीने निघायचीस. बायकांशी तासन्‌तास बोलायचीस. मी बरोबर यायचे ती निम्मी तुझ्या सोबतीला आणि निम्मी भांडायला.

भांडण खरं पेटलं ते तलवाड्याला, माझ्या माहेरी. आम्ही बौद्ध. आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव उचलले आणि नदीत सोडले, ही गोष्ट मी लहानपणापासून अभिमानाने ऐकत आले. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर आहे, तिला सगळे मिळून हात जोडतात. आतल्या खोलीतली देवळी तेव्हापासून रिकामी. तुझी नजर नेमकी तिच्यावर गेली. म्हणालीस, ही मला मांडायची आहे.

मी साफ नाही म्हणाले. ओळीने सगळ्यांच्या देवळ्या, त्यात देव, हळद, कुंकू, आणि मधेच आमची रिकामी. बघणारा म्हणेल, यांच्याकडे काहीच नाही. आमच्या लोकांनी काय टाकलं आणि काय घेतलं, ते त्या रिकाम्या भोकातून कुणाला कळणार आहे?

तू काही बोलणार तेवढ्यात आई भाकरी थापता थापता म्हणाली, "रिकामी कुठं हाय ती?"

आपण दोघींनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, देव गेले तवा जागा मोकळी झाली, मग ती मी घेतली. सकाळी झाडलोट झाली की ती देवळीसमोर उभी राहते आणि मनातलं सगळं सांगून टाकते. मी विचारलं, कुणाला सांगतेस?

"कुणालाच न्हाई. म्हणून तर समदं सांगता येतं."

मला ते आवडलं नाही. मला वाटलं, देव गेले पण सवय राहिली. तू म्हणालीस, ही सवय जुनी नाही, ही तुझ्या आईने नवी काढली आहे. मग आपण दोघी कितीतरी वेळ तिच्यावरून वाद घालत बसलो आणि ती भाकऱ्या करत राहिली. शेवटी म्हणाली, आता जेवा, मग भांडा. उमा, त्या वादात आजही मी माझ्या बाजूलाच उभी आहे. पण त्या दिवसानंतर तू जे केलंस त्याला तोड नव्हती. बीडच्या स्टँडवर उतरताना म्हणालीस, "तुझं एक बरोबर आहे. ओळीत देव ठेवले तर तुमची देवळी रिकामी दिसेल. मग देवच नको ठेवायला. कुणाच्याच देवळीत नको."

आणि तू सगळी मांडणी मोडून नव्याने रचलीस. प्रत्येक बाईला सांगितलंस, देव घरीच राहू द्या, फक्त जागा आणा. दिव्याच्या काजळीचा डाग चालेल, गुडघे टेकून झिजलेली फरशी चालेल, तेलाच्या बोटांचे ठसे चालतील. माझ्या एका हट्टावरून तू इतक्या महिन्यांचं काम बदललंस आणि त्याबद्दल माझे आभारही मानलेस, तेही चिडूनच.

उन्हाळ्यात तेलगावला एक कापसाचं जिनिंग बंद होतं. जिनिंगवाले शेठ तुझ्या मालकांच्या ओळखीचे, त्यांनी शेड वापरू दिलं. पत्र्याच्या आढ्याला अजून कापसाचे पुंजके लटकलेले होते. गावातली सरूबाई तुझ्या हाताखाली माती मळायला आली आणि बघता बघता तिनेच सगळा ताबा घेतला. तिची स्वतःची जागा धान्याच्या कणगीच्या मागे होती. घरात भांडण झालं की ती तिथे जाऊन बसायची आणि निघताना कणगीला हळदीचं बोट लावायची. कणगीची ती बाजू पिवळी धमक झाली होती. ती बाजू तिने मातीत जशीच्या तशी शेडमध्ये उभी केली. आणखी एक नर्सबाई होत्या, त्यांची जागा म्हणजे दवाखान्यातल्या कपाटाच्या दाराची आतली बाजू. त्या जेव्हा जेव्हा ते दार उघडत तेव्हा आत क्षणभर कपाळ टेकवत. तिथला रंग उडालेला होता. एका नव्या सुनेची जागा गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे होती. ती तिथे चपला काढून जायची. का, ते तिला सांगता आलं नाही आणि तू विचारलंही नाहीस.

माझ्या आईची देवळी तिने स्वतः येऊन लिंपली. आत पांढरी माती इतकी गुळगुळीत केली की वाटावं आत उजेड आहे. आणि शेडच्या अगदी शेवटी, चुलीच्या उंचीवर, तुझ्या सासूबाईंची भिंत. तेवढी एकच अस्सल.

मी तेव्हा तुला जे विचारलं ते तुझ्या शेवटच्या दिवसापर्यंत विचारत राहिले. जी जागा बाईने कुणाला दिसू नये म्हणून राखली, ती तू गावाला दाखवतेस. खासगी असेल तर दाखवायची कशाला, आणि दाखवली तर ती खासगी राहिली कुठे? तू तेव्हा मला शब्दांत उत्तर दिलं नाहीस. दाराला गोणपाटाचा पडदा लावलास आणि नियम केलास की आत एका वेळी एकाच माणसाने जायचं, अनवाणी, आणि आतून स्वतःच बाहेर येईपर्यंत कुणी बोलवायचं नाही. मला दाराशी चपला सांभाळायला बसवलंस.

पहिल्या दिवशी सरूबाईच्या नात्यातल्या चारदोन बायका आल्या. मग बाजाराच्या दिवशी रांग लागली. बाहेर कुजबूज असायची, बाईंनी काय मांडलंय, आत देव न्हाईत म्हणे. आत गेलेलं माणूस बाहेर आलं की मात्र कुणाशी काही बोलत नसे. चपला पायात घालायची आणि जरा वेळ तिथेच उभं राहायचं.

आणि मग एका दुपारी काळ्यापिवळ्या जीपमधून अप्पा उतरले. दुकानात कुणीतरी सांगितलं होतं, तुमच्या सूनबाईनं तुमच्या घरची भिंत तेलगावात मांडलीया. धोतर, टोपी, हातात काठी, आणि चेहरा असा की रांगेतल्या बायका आपोआप बाजूला झाल्या. तू पदर सावरून पुढे आलीस. ते म्हणाले, घरातल्या बाईची वस्तू रस्त्यावर मांडायला तिला विचारलं होतंस का? तू म्हणालीस, नाही, मामंजी. त्या गेल्यावर काढली. ते म्हणाले, मग मला? तू म्हणालीस, तुम्हालाही नाही विचारलं. मला वाटलं, आता हे सगळं इथेच संपलं, आणि त्याबरोबर तुझं चौसाळ्याचं घरही. पण तू म्हणालीस, आधी आत जाऊन बघा, मग तुम्ही म्हणाल ते करते. ते पडद्याकडे वळले तर तू त्यांना थांबवलंस. आत एक बाई आहे, ती येऊ द्या. अप्पांना तू उन्हात उभं केलंस, उमा.

ते वहाणा काढून आत गेले. बराच वेळ गेला. मी पडद्याकडे बघत होते आणि तू माझ्याशेजारी जमिनीवर बसून काडीने मातीत रेघा ओढत होतीस. ते बाहेर आले ते काठी आतच विसरून. तू उठायला लागलीस, त्यांनी हाताने खूण करून बसवलं. मग ते पायरीवर आपल्या शेजारीच टेकले. त्यांचा आवाज इतका खाली होता की रांगेतल्या कुणाला ऐकू गेला नसेल.

"रोज टेकून उठायची का गं ती?"

तू म्हणालीस, रोज.

"मी तिथंच बसलेलो असायचो. पलीकडं, पेपर वाचत. मला म्हणली असती तर हात दिला असता की."

तू हातातली काडी खाली ठेवलीस. ते म्हणाले, ती भिंत घरी न्यायची. आणि तू क्षणाचाही विचार न करता हो म्हणालीस.

मी तुझ्यावर इतकी क्वचितच चिडले असेन. मांडणी अजून आठवडाभर राहायची होती आणि तू तिचा जीवच काढून दिलास. मी म्हणाले, त्यांनी डोळे वटारले आणि तू घाबरलीस, शेवटी सूनच ना. तू म्हणालीस, घाबरले असते तर त्यांना रांगेत उभं केलं नसतं. ते त्यांचंच होतं, त्यांना माहीत नव्हतं एवढंच. मी म्हणाले, आणि ती रिकामी चौकट? तिथे निदान सासूबाईंचा फोटो तरी लाव. तू लावला नाहीस. मागची बांबूची तट्टी उघडी ठेवलीस. लोक येत राहिले.

चौसाळ्याच्या नव्या स्वयंपाकघरात अप्पांनी गवंडी बोलावून पांढऱ्या टाइल्स काढायला लावल्या आणि तो मातीचा चौकोन भिंतीत बसवून घेतला. तुझे मालक म्हणाले, सगळी शोभा गेली. अप्पांनी ऐकलं नाही. पुढे मी तुझ्याकडे आले तेव्हा पाहिलं, सकाळी ते दुकानात जाण्याआधी खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसायचे. पेपर वाचत असायचे. तू पूजा करून उठायला लागलीस की मात्र हात पुढे करायचे. तुला तेव्हा कुठे गुडघेदुखी होती, पण तू तो हात धरून उठायचीस. उमा, ते बघून मी माझं भांडण मागे घ्यायला हवं होतं असं तुला वाटलं असेल. मी घेतलं नाही. मला अजूनही वाटतं, ती भिंत आठवडाभर तिथे राहायला हवी होती. पण ती ज्या घरात गेली तिथे चांगली राहिली, हेही मी मानते.

नंतर तुला मांडणीसाठी पुण्याहून बोलावणं आलं. मी म्हटलं, तिकडचे लोक त्याचं शोपीस करतील, दिव्यांच्या झोतात ठेवून बघतील. तू गेलीस आणि आठ दिवसांनी शाळेतल्या मुलांसाठी रंगीत कागदांचा गठ्ठा घेऊन परत आलीस. मला चिडवत म्हणालीस, तिथे बूट काढायला सांगावं लागलं नाही. एक टाय लावलेले गृहस्थ कणगीसमोर बसून राहिले आणि जाताना म्हणाले, माझी बहीण अशीच बसायची. मी हरले होते आणि तुला त्याचा भलताच आनंद झाला होता.

मग काविळीने तुला धरलं. औरंगाबादच्या दवाखान्यात मी आले तेव्हा तू पिवळी आणि बारीक झाली होतीस, पण उशाचं कपाट नर्सला सांगून डाव्या बाजूला हलवून घेतलं होतंस. आईच्या देवळीसारखं त्यावर काहीच ठेवलेलं नव्हतं. औषधं खाली खोक्यात. मी ते पाहिलं आणि तू पाहिलंस की मी पाहिलं. दुपार होती, वॉर्डात बायकांचे डबे उघडत होते. मी नेहमीचाच प्रश्न काढला, तुला जरा तरतरी यावी म्हणून. म्हटलं, खासगी असेल तर दाखवायचं कशाला, ते राहिलंय तुझं. तू हसलीस. म्हणालीस, "सापडलंय मला उत्तर. बरी झाले की सांगते. आत्ता सांगितलं तर तू भांडशील आणि मला दम लागेल."

बरी झाली नाहीस. ते उत्तर घेऊन गेलीस. पहिले काही दिवस मला याचाच राग येत होता, आणि रागाने मला उभं ठेवलं, हेही तुला सांगून ठेवते.

तू जाऊन महिना होत आला तेव्हा सरूबाई मला शोधत शाळेत आली. म्हणाली, "बाईंनी तलवाड्याच्या बायकांना दिवाळीनंतर मांडणी करायचा सबूद दिलता. आता कोण करनार?" मी म्हणाले, मला सरळ रेघ पट्टीशिवाय ओढता येत नाही. ती म्हणाली, माती मी मळीन, तुमी फकस्त बायकांशी बोला. मग मी शनिवारी एसटीने निघाले. पूर्वी तुझ्या सोबतीला यायचे, आता सरूबाई माझ्या सोबतीला होती. आईने समाजमंदिराची किल्ली आणून ठेवली होती आणि आळीतल्या बायका गोळा केल्या होत्या. मी बाकावर बसून तुझाच प्रश्न विचारला आणि तुझ्यासारखीच गप्प राहिले. गप्प राहणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. तू ते कसं करायचीस?

सगळ्या पांगल्यावर जैतुनबी मागे थांबली. बांगड्या विकते, रोज सकाळच्या गाडीने गेवराईच्या बाजाराला जाते. म्हणाली, "बाई, घरात मला जागाच न्हाई. एका खोलीत समदं घर झोपतं. पण गाडीत खिडकीकडची शीट मिळाली की गेवराई येईस्तोर मी कुणाचीच न्हाई. तसबीचे मणी ओढते, बाहेर बघते. लई शांत वाटतं. ही जागा धरता का तुमी?"

मी म्हणाले, धरते. मग माझा नेहमीचा प्रश्न विचारला, पण ही तुझी एकटीची जागा आहे ना? लोकांना दाखवायची का?

ती जरा विचार करून म्हणाली, "दाखवा की. मी एकलीच आसं करते का, आनखी कुनी करतं, ते तरी कळंल."

तुला सापडलेलं उत्तर हेच होतं का, मला माहीत नाही. कदाचित तुझं याहून चांगलं असेल. पण माझं भांडण आता तुझ्याऐवजी जैतुनबीशी आहे, आणि तिच्याशी भांडायला मला उठून तलवाड्याला जावं लागतं, तर मी जाते आहे.

हलणारी जागा कशी मांडायची, हे तू असतीस तर चुटकीसरशी काढलं असतंस. मी चार दिवस डोकं खाजवलं. मग बीडच्या भंगार बाजारात गेले. तिथे मोडीत निघालेल्या गाड्यांचं सामान ढिगाने पडलेलं असतं. दुकानदाराने विचारलं, मॅडम, घरात बसायला पाहिजे का? मी म्हणाले, एका बाईच्या पूजेला पाहिजे. मग स्वतःच ढिगात शिरून त्याने रेक्झिन फाटलेली दोघांची सीट काढली, आणि तिच्याबरोबर गज असलेली, सरकत्या काचेची खिडकीही. खिडकी मी मागितली नव्हती.

काल ते सगळं टेम्पोतून तलवाड्याच्या समाजमंदिरात नेलं. सरूबाईने माती लिंपलेला लाकडी सांगाडा आधीच उभा केला होता, त्यात आम्ही खिडकी बसवली आणि तिच्याखाली सीट. वर धरलेली मातीची कमान जरा वाकडी झाली आहे, ती मी तशीच राहू दिली. जैतुनबी बाजारातून परस्परच आली, डोक्यावर बांगड्यांची पेटी. तिने पेटी उतरवली, चपला काढल्या आणि फाटक्या रेक्झिनवरून हात फिरवला.

"खिडकीकडचीच हाय ना?" तिने विचारलं.

"खिडकीकडचीच," मी म्हणाले, आणि दारातला गोणपाटाचा पडदा ओढून बाहेर आले.